समोरची खुर्ची

त्या रविवारी दुपारी आमच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत माणसं होती सात आणि मतं होती नऊ, कारण आत्याची दोन होती आणि काकूचीही दोन. पत्र मधोमध टेबलावर होतं. पंख्याने उडू नये म्हणून काकांनी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं होतं, पण मला तर ते असं वाटत होतं की झुरळावर वाटी उपडी घातलीये आणि आता ती उचलायची कोणी यावरून सगळे अडलेत.

"परत वाच," काका मला म्हणाले.

"चारदा वाचलं."

"पाचव्यांदा बदलतंय का बघू."

नाही बदललं. हॉस्पिटलने लिहिलं होतं की कृत्रिम डोळ्यांचं सगळं काम पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे द्यायला ते तयार आहेत. स्वतंत्र खोली, उत्तरेची खिडकी, सगळं. फक्त 'एका रुग्णाने अवघडल्यासारखे वाटल्याचे कळवले असल्याने' रुग्णासमोर 'सर्वांना सोयीची वाटेल अशी व्यक्ती' बसवावी आणि ताईने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, आपलं कौशल्य 'आतल्या खोलीतून' द्यावं. उत्तर सोमवारी सकाळी. खाली सही, शिक्का आणि 'सहकार्याबद्दल आगाऊ आभार'.

"आगाऊच आहेत," आत्या म्हणाली.

आणि गंमत म्हणजे ना, त्याच हॉस्पिटलच्या माहितीपत्रकावर ताईचा फोटो आहे! खरंच. निळा हिजाब, हातात बारीक ब्रश, खाली 'येथे सर्वांचे स्वागत'. तो फोटो मोठा करून त्यांनी जिन्यात पण लावलाय. म्हणजे ताई त्यांना भिंतीवर चालते, खुर्चीवर चालत नाही.

आमच्याकडे डोळे करण्याचं काम आजोबांपासून आहे. अपघाताने, आजाराने ज्यांचा डोळा गेलाय त्यांना दुसऱ्या डोळ्यासारखा डोळा करून द्यायचा. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू चिकटवून शिरा करायच्या, मग बुबुळ रंगवायचं, आणि ते रंगवताना माणसाला उत्तरेच्या खिडकीत बसवून, त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसून, तासभर त्याच्या चांगल्या डोळ्यात बघायचं. त्यामुळे आमच्या घरात कोणाला चेहरे लक्षात राहत नाहीत, डोळे राहतात. ताईला बघायला आलेला मुलगा गेल्यावर अम्मीने नाक कसं होतं, उंची किती होती काही सांगितलं नव्हतं. "डाव्या डोळ्यात तीळ आहे," एवढंच म्हणाली होती. पण ते लग्न पुढे मोडलं, ती गोष्ट वेगळी.

"मला यात वाईट काही दिसत नाही," काका म्हणाले. "दादा समोर बसेल, फोटो काढेल, मापं घेईल. ती आत शांतपणे रंगवेल. डोळा तोच, हात तोच. कोणाचं काय जातंय?"

दादा म्हणजे काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. तो नखं कुरतडत होता.

"तिची खुर्ची जातेय," मी म्हणाले.

"तू मधे बोलू नकोस."

"मग पाच वेळा मोठ्याने वाचू तेवढं?"

आत्या काकांपेक्षा मोठी, म्हणून साठीच्या काकांना ती अजून बाळ म्हणते. वकिली करते, केस बारीक कापलेले, आवाज कोर्टातला. मला वाटलं आता ही टेबलावर मूठ आपटणार. पण ती ताईकडे वळून म्हणाली, "हे बघ, मी भांडेन त्यांच्याशी, वर्षभर भांडेन. पण सोपा मार्ग पण ऐक. सहा तासांचा तर प्रश्न आहे. खोलीत शिरताना काढ, बाहेर पडताना घाल. काम हातात राहील."

"काढू?" ताई म्हणाली.

"सहा तास."

"अगं बाई!" काकू उसळली. "काढायचा कशाला? मुळात घालते ना, मग परक्या पुरुषाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर बसायचंच कशाला? मी तर म्हणते आतली खोली बरी. हिजाबाची शोभा राहते."

"काकू, मी त्यांचा डोळा बघते."

"डोळाच तर म्हणतेय मी!"

आम्ही सगळे हसलो, ताई सगळ्यात मोठ्याने, आणि काकू म्हणाली, "हे असं! हे असं हसू नये."

घ्या. ताई हिजाब घालते म्हणून तिने मोठ्याने हसायचं नाही, काम करताना शीळ वाजवायची नाही, स्कूटर जोरात चालवायची नाही, रिक्षावाल्याशी भांडायचं नाही. जणू हिजाब म्हणजे साधूपणाचं लायसन्स आहे आणि हिने सिग्नल तोडलाय. बाहेरच्यांचं आणखी वेगळंच. ते तिच्याशी सावकाश बोलतात, एक-एक शब्द तोडून, "तुम्हाला... फॉर्म... भरता... येतो?" आणि मी घालत नाही तर मला बाजूला घेऊन विचारतात, ताईवर कोणी जबरदस्ती केली का गं? केली कोणी? चौदाव्या वर्षी तिने स्वतः ठरवलं, तेव्हा अम्मीच म्हणाली होती, अजून लहान आहेस, उन्हाळा जाऊ दे.

अम्मी कोपऱ्यात बसून एक तयार डोळा कापडाने घासत होती. आमच्यात पॉलिशचं काम तिचं. अब्बा गेल्यापासून ती मीटिंगमध्ये बोलत नाही, घासते.

"तू बोल ना काहीतरी," काका तिला म्हणाले.

"मी ऐकतेय," अम्मी म्हणाली आणि फुंकर मारली.

काका काय वाईट नाहीयेत हं. त्यांच्या मनात तेव्हा काय होतं ते त्यांनी मला खूप नंतर सांगितलं, चहा पिता पिता, दुसरीकडे बघत. गेल्या महिन्यात ते ताईबरोबर हॉस्पिटलला गेले होते आणि काउंटरवरच्या माणसाने ताईला डावलून त्यांना विचारलं होतं, "यांना बोलता येतं का?" ताई म्हणाली, "येतं, पण तुमचं संपू दे," आणि पुढे गेली. काका मात्र ते घेऊन घरी आले. रात्री जेवले नाहीत. अब्बा गेल्यावर तिला खिडकीत बसवून पहिला ब्रश त्यांनीच हातात दिला होता, आणि आता त्यांना वाटत होतं की आतल्या खोलीत निदान असले प्रश्न तरी येणार नाहीत तिच्यापर्यंत. त्यात त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू, निळा रंग नीट दिसत नाही. म्हणजे घरात रंगवणारे हात दोनच उरलेले, ताईचा आणि दादाचा. हॉस्पिटलचं काम गेलं तर कारखान्यात राहणार काय? हे सगळं त्यांच्या डोक्यात, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "कोणाचं काय जातंय."

"आणि पद्धत चालते," काका पुढे म्हणाले. "गेल्या आठवड्यात एक डोळा केलाच ना आपण तसा? दादाने फोटो काढला, हिने आत बसून रंगवला. ते म्हातारे पोस्टमन खूश होऊन गेले."

तेवढ्यात बेल वाजली.

मी खाली पळाले आणि दार उघडलं तर समोर पोस्टमनच! रिटायर होऊन दहा वर्षं झालीत, पण उभे असे की अजून आपली सही घ्यायचीये. काळा चष्मा, हातात टोपी.

"रविवारी त्रास देतोय," ते म्हणाले. "पण नात माझ्या मांडीवर बसायला तयार नाही. म्हणते, आजोबा, तुमचा एक डोळा तुमचा आहे आणि एक कोणातरी दादाचा आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि मी एक पायरी खाली उतरून जवळून बघितलं. वाईट नव्हता डोळा. सुंदर होता! पण तरुण होता. म्हातारपणी बुबुळाच्या कडेने एक राखाडी-निळसर कडं येतं ना, ते त्यांच्या चांगल्या डोळ्याला होतं आणि आम्ही केलेल्या डोळ्याला नव्हतंच. सत्तर वर्षांच्या चेहऱ्यावर एक डोळा तिशीचा. हॉस्पिटलच्या ट्यूबलाइटखाली कोणाला कळलं नाही, बाहेर उन्हात सरळ दिसत होतं.

वर नेलं त्यांना. ते दारात असतानाच ताईने बघितलं आणि म्हणाली, "कडं राहिलंय."

"फोटोत नव्हतं," दादा पुटपुटला. "फ्लॅशने गेलं असेल."

आमच्या घराण्यात केलेला डोळा परत येणं म्हणजे आजोबांच्या काळापासून सगळ्यात मोठी नामुष्की.  काकांनीच पोस्टमनना खिडकीत बसवलं, त्यांचा डोळा काढून धुतला, त्या जागी पट्टी लावली, सॉरी म्हणाले. मग काढलेल्या डोळ्यावरचा पारदर्शक थर घासून काढला. आणि मग त्यांनी काय करावं, तर समोरची खुर्ची ओढून दादाला म्हणाले, "बस. तूच रंगव. समोर बसणारा तूच असशील तर हेही तुलाच जमायला हवं. तपकिरी थोडा खरवडला गेलाय, तो भर आणि वरून कडं दे."

दादा बसला. हे पुढचं त्याने मला नंतर सांगितलं, नाहीतर मला कसं कळणार: त्याच्या समोर रंगांच्या आठ नळ्या होत्या, आजोबांच्या जुन्या डब्यातल्या, आणि एकाही नळीवर आकडा नव्हता. खालच्या त्याच्या टेबलावरच्या नळ्यांवर बारीक आकडे असतात. तीन म्हणजे तपकिरी, पाच म्हणजे हिरवट. इथे नुसत्या नळ्या. त्याने एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली. त्याला पोस्टमनचा श्वास ऐकू येत होता. तो म्हणतो, तेव्हा एकदा वाटलं अंदाजाने रंगवून टाकावा, पन्नास टक्के तरी बरोबर येईल. मग त्याला ती नात आठवली, न बघितलेली.

"बाबा," तो म्हणाला, "हा तपकिरी आहे की हिरवा?"

गवयाच्या घरात मुलाने 'सा' कुठला विचारावा ना, तसं झालं. 

"थट्टा करतोस?" काका म्हणाले.

"नाही. मला लाल, हिरवा, तपकिरी वेगळे दिसत नाहीत. कधीच दिसले नाहीत."

"मग इतकी वर्षं..."

दादाने ताईकडे बघितलं. "नळ्यांवर आकडे हीच लिहायची. सातवीपासून. मी रंगवायचो ते पण नंतर हीच परत तपासायची. म्हणूनच गेल्या आठवड्यात ती आत बसून रंगवायला हो म्हणाली, बाबा. मी समोर बसलो तर मला रंगवावं लागणार नाही आणि कोणाला कळणार नाही म्हणून. माझ्यासाठी."

मला हे माहीत नव्हतं! मला, जी घरातलं सगळं ऐकते! ताई लाल झाली आणि म्हणाली, "एवढं काही नाही. आकडेच तर लिहायचे होते."

काकू उठली आणि दादाच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिथेच हात ठेवून राहिली. "आईला सांगायचं नाही होय रे? मी काय तुला घराबाहेर काढणार होते? मला तरी कुठे कळतात हे रंग, मला सगळे डोळे सारखेच दिसतात."

"तेही आज पहिल्यांदाच कळतंय," आत्या म्हणाली.

 काकांनी ताईला बोटाने खुर्ची दाखवली. दादा उठला आणि ताई बसली.

आता ऐका. ताईने ब्रश ओला केला, भिंग लावलं, पुढे वाकली आणि पोस्टमननी नजर खाली टाकली.

"वर बघा ना."

"बघतोय की."

"तुम्ही माझ्या चपलेकडे बघताय."

त्यांनी क्षणभर वर बघितलं आणि परत खाली. कानापर्यंत लाल झाले होते. "पहिल्यांदा हॉस्पिटलात बसलो होतो तुमच्यासमोर, तेव्हाही नाही जमलं मला. तुम्ही रागावलात."

"तासभर तुमची पापणी रंगवायला बसले होते मी, रागावणार नाही तर काय? अहो, पण का?"

"बाई, तुम्ही अशा... डोक्यावरून घेतलेल्या. सोज्वळ. आमच्या पट्ट्यात अशी दोन-चार घरं होती. तिथं पत्र द्यायला गेलो की मी दाराकडे पाठ करून उभा राहायचो. मला कोणी सांगितलं नव्हतं हो. मला आपलं वाटायचं, असंच करायचं असतं."

"आणि पत्र?" आत्याने विचारलं.

"हात मागे करून द्यायचो."

"कायम?"

"एकदा कुत्र्याने घेतलं."

आत्या तर खुर्चीवरून पडायचीच राहिली. पोस्टमनही हसले, जरा मोकळे झाले, आणि त्या मोकळेपणातच म्हणाले, "म्हणून त्या दिवशी काउंटरवर विचारलं मी, कोणी पुरुष मिळेल का बसायला. म्हटलं, उगाच तुमचा मान जायला नको."

 आत्याने टेबलावरून पत्र उचललं. चष्म्याचं घर घरंगळत जमिनीवर गेलं, कोणी उचललं नाही. "एका रुग्णाने अवघडल्यासारखे वाटल्याचे कळवले असल्याने," तिने वाचलं. "हे तुम्ही?"

पोस्टमननी पत्र हातात घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटलेला माणूस, त्याने ते दोनदा वाचलं. एका डोळ्याने वाचायचं म्हणजे मान वळवावी लागते, ते बघवत नव्हतं.

"मी असं नाही म्हटलं," ते म्हणाले. "मी तुमच्या मानासाठी... आणि त्यावरून यांनी तुम्हाला आत बसवलं?" ते उठायला लागले. "मी लिहून देतो. आत्ता देतो. कागद द्या."

"बसा," ताई म्हणाली. "पत्र नंतर, मान त्याच्याही नंतर. आधी डोळा द्या मला. उजेड जाईल."

आणि त्यांनी वर बघितलं. नीट. सरळ.

पुढचा पाऊण तास कोणी बोललं नाही, आणि आमच्या घरात हे रेकॉर्ड आहे. काकू खिडकीजवळच बसली होती, मुद्दाम, मला माहितीये, लक्ष ठेवायला. तिला वाटलं होतं काहीतरी अवघड दिसेल. ती म्हणते, मी बघत होते की ही पोरगी त्या माणसाकडे बघतेय की काय. आणि ती बघतच होती, पण सुईत दोरा ओवताना आपण सुईकडे बघतो तशी. ओठ किंचित पुढे, एक भुवई वर. काकू लग्न होऊन आली तेव्हा आजोबा याच खिडकीत असेच बसायचे, भुवई अशीच, आणि ती भुवई ना काकांना मिळाली ना दादाला. काकू पोस्टमनकडेही बघत होती. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि ते हलत नव्हते, रंग चुकू नये म्हणून. ताईने मधेच शीळ वाजवायला सुरुवात केली, बारीक. काकूने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"काय?" ताईने न वळता विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाली. "वाजव."

रंग वाळल्यावर नवा थर चढवून डोळा शिजत ठेवायचा असतो. आम्ही शिजवणंच म्हणतो त्याला, कुकरसारखंच भांडं आहे. ते काम अम्मीचं. तिने भांडं लावलं, चहा टाकला, आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो. पोस्टमन दादाला रंगांबद्दल विचारत होते, की मग सिग्नलला काय करतोस, आणि दादा हसत सांगत होता, वरचा लाल, खालचा हिरवा, जागा पाठ आहे.

आत्या कागद घेऊन बसली होती, पण लिहीत नव्हती. मी तिच्या शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर ती इतकी हळू बोलत नाही कधी.

"सहा तासांसाठीच काढला होता मी," ती ताईला म्हणाली. "पहिली नोकरी. साहेब म्हणाले, ऑफिसात नको. म्हटलं, ठीक आहे, सहा तास. मग आठ झाले. मग वाटेत कुठे घालायचा, कुठे काढायचा, कंटाळा. सगळे म्हणाले, किती शहाणी, किती पुढारलेली. मला काढायचा होता का, हे कोणी विचारलंच नाही. आज मला नाही घालावासा वाटत, ते माझं आहे. पण तो पहिला दिवस माझा नव्हता. आणि मघाशी मी तुला तेच सांगत होते. माफ कर."

ताईने तिच्या हातातला पेन काढून टोपण काढून परत दिला. "लिही आता. कायद्याचं कडक लिही."

आत्याने लिहिलं! दोन पानं. भराभर. मग मोठ्याने वाचायला घेतलं आणि प्रत्येकाने आपापलं घुसवलं. काकांनी सांगितलं, 'आमचा तीन पिढ्यांचा वारसा' हे टाक. काकू म्हणाली, 'मुलगी चांगल्या घरातली, मर्यादशील आहे' हे पाहिजेच. आत्याने वर घातलं, 'अत्यंत शांत, नम्र आणि सुसंस्कृत'. पोस्टमनना खाली त्यांचं वेगळं चार ओळींचं लिहायचं होतं, त्यात 'देवीसारखी' होतं. तीन पानं झाली.

"पेन इकडे," ताई म्हणाली.

तिने पहिल्यांदा 'शांत' खोडलं. मग 'नम्र'. "मी नाहीये शांत. उद्या मी तिथे कोणावर ओरडले की म्हणतील, पत्रात तर वेगळं होतं."

"सुसंस्कृत तरी राहू दे," आत्या म्हणाली.

"आणि नसते सुसंस्कृत तर? मग आत बसायचं?"

  आत्याने स्वतःच हात पुढे करून कायद्याचा अख्खा परिच्छेद खोडला. "हा माझ्याकडे ठेवते. लागला तर पाठवू."

काकूने 'चांगल्या घरातली' स्वतः खोडलं. पेन घट्ट धरून, गिरवून गिरवून. "घर चांगलंय ते त्यांना कशाला सांगायचं," ती म्हणाली. "आपल्याला माहीत आहे." पोस्टमननी 'देवीसारखी' काढलं आणि त्याजागी घातलं, 'मी विचारले ते माझ्या संकोचामुळे, त्यांची काही चूक नव्हती'. राहता राहिला तीन पिढ्यांचा वारसा. काकांनी ती ओळ वाचायला कागद डोळ्यांच्या अगदी जवळ घेतला.

"बाळ," आत्या म्हणाली, "काम जाऊ शकतं हं."

"माहितीये." काकांनी ओळ खोडली. "पोरीला समोर बसवून काम गेलं तर दुसरं शोधू. तिला आत बसवून राहिलं, तर मग मी तिला ती खिडकी शिकवली कशाला?"

ताईने मान खाली घातली. दिवसभरात पहिल्यांदा. मग म्हणाली, "काका, अब्बा गेल्यावर तुम्ही मला त्या खुर्चीत बसवलं नसतं ना, तर मला हे भांडण करायलाही जागा नसती. थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं होतं."

"आता पत्रात घालू नकोस ते," काका म्हणाले आणि नाक ओढलं.

कुकरचं झाकण उघडलं. अम्मीने डोळा काढला, गार केला, घासला, भिंगातून बघितला आणि ताईकडे न देता सरळ पोस्टमनच्या हातात ठेवला. ताईबद्दल तिला जे म्हणायचं असतं ते ती असं करून सांगते. त्यांनी आत बसवला आणि खिडकीत उभे राहिले, उरलेल्या उजेडात. दोन्ही डोळे म्हातारे होते. दोन्ही त्यांचे होते. ते आरशात इतका वेळ बघत होते की आम्ही सगळे उगाच कप गोळा करायला लागलो.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? मी ना, त्या खोलीतल्या सगळ्यांची इतकी आभारी होते. दुपारी यातल्या प्रत्येकाने ताईला कुठेतरी ढकललं होतं, एकाने आत, एकीने बाहेर, एकीने वर देव्हाऱ्यात. आणि संध्याकाळी प्रत्येकाने आपला हात स्वतःहून काढून घेतला. कोणाला हरवावं लागलं नाही. किती घरांत होतं असं?

पत्र मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं, माझं अक्षर चांगलंय म्हणून. काकांची सहीची जागा मी सवयीने खाली उजवीकडे सोडली होती. काकांनी कागद ताईपुढे सरकवला.

"मोठ्याने वाच आधी," ते मला म्हणाले. "सहाव्यांदा."

मी वाचलं. "आपलं काम आम्हाला करायचं आहे. डोळा रंगवायचा तर रुग्णाला समोर बसून बघावं लागतं. आमच्याकडे डोळे मी रंगवते, म्हणून समोर मीच बसेन."

"बस?" काकू म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच," ताई म्हणाली आणि सही केली.

मंगळवारी फोन आला. ते म्हणाले, ठीक आहे, एक महिना बघू. त्याला आता दोन वर्षं होत आली, आणि तो महिना अजून संपलेला नाही.